पुतळ्याच्या हातातली बंदूक

रचना: ...म्हणून म्हटलं, बाहेरून कळण्याआधी मीच सांगते. आजोबा, तुमच्या पुतळ्याच्या विरोधातल्या अर्जावर पहिली सही माझी आहे.

शत्रुघ्न: माज्या पुतल्याच्या?

रचना: पुतळ्याच्या नाही हो, त्याच्या हातातल्या बंदुकीच्या. विद्यापीठात, लायब्ररीच्या समोर, बंदूक रोखून उभा असलेला सैनिक बसवणार म्हणे! आम्ही रोज तिथूनच जाणार. दीपेशची गँग म्हणते, बंदूक नको म्हणणारे सगळे देशद्रोही. काल भिंतीवर लिहिलं, 'आजोबा वाघ, नात गद्दार.'

शकू: कोन त्यो दीपेश? आचोले गावचा? त्याच्या आयशीला वलकते मी. आनि जित्या मानसाचा पुतला, मना तं पयल्यापासनं पटलं नवतं.

रचना: आजी, थांब ना जरा. आजोबा, रागावलात? झोपलात का?

शत्रुघ्न: नाय गो. डोले मिटले की बरं दिसतं. माज्या हातात काय व्हतं, ते मना कोनी इचारलंच नाय.

रचना: म्हणजे?

शत्रुघ्न: एकाहत्तर साल, बांगलादेशची लढाई. थंडीची पहाट. समोर नदी, पन नदी दिसतच नवती. निस्तं धुकं. सायब बोल्ले, पोहनारा कोन? मी खाडीकाठचा, हात वर केला. दोर पलीकडं न्यायचा, झाडाला बांदायचा, मंग त्याला धरून बाकीचे येनार. बंदूक घेऊन पोहता येतं काय? ती दोस्ताकडं दिली. कपडे बी काडले. कमरेला दोर आनि अंगावर लंगोट.

शकू: अगो बाई! मंग लंगोटावर पुतला?

रचना: आजी, हसू नकोस! पुढे, आजोबा?

शत्रुघ्न: मंग पानी. वर धुकं, खाली पानी, का उलटं, तेच कलंना. हात चालत व्हते, अंग माजं नवतंच. वाटलं आपल्याच खाडीत हाय, आता चंडिकेचा डोंगर दिसंल. तवर बाईचा आवाज आला. बदकांना बोलवत व्हती, बंगालीत. 'आय आय, चोई चोई.' त्या आवाजाच्या मागं मागं गेलो, आनि पायाला चिखल लागला.

रचना: ती घाबरली नाही?

शत्रुघ्न: मीच गारठून गेलो व्हतो. गाठ बसंना. धुक्यातनं दोन हात आले. माज्यासंगं दोर ओढला, झाडाला गुंडालला. अंगावर फडकं टाकलं, ओंजलीत मुरमुरे दिले. सगली पलटन त्या दोरावर आली. मेडल मना मिलालं.

शकू: सगला संसार झाला, त्या बाईचं कदी बोल्ला नाय तुमी.

शत्रुघ्न: बोलायला बसलो की धुकंच यायचं.

रचना: आजोबा, उद्या विद्यापीठात पुतळ्याबद्दल मीटिंग आहे, तिथे हे सांगाल?

(दुसऱ्या दिवशी दुपार. घराची ओटी. आजोबा आणि नात नुकतेच परतलेत.)

शकू: काय झालं? सांगा तं.

रचना: सगळं सांगितलं त्यांनी. हॉल फुल होता. शेवटी म्हणाले, पुतळा करायचाच तर त्या बाईचा करा.

शकू: मंग?

रचना: पुतळा समितीचे अध्यक्ष म्हणाले, काका, बंदुकीशिवाय सैनिक ओळखू कसा येणार? आणि बाई तर आपल्या देशाची नाही. आमच्यातलेही काही नाराज झाले. त्यांना कुणाचंच स्मारक नको होतं. आजोबा उठले. म्हणाले, मग माझं नाव कुठंच घालू नका. सगळ्यांना नमस्कार केला आणि निघाले.

शकू: त्यो दीपेश?

रचना: गेटवर पळत आला. रिक्षा थांबवून दिली, आजोबांना हात धरून बसवलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

शत्रुघ्न: पोरगा वाईट नाय.

शकू: म्हंजे पुतला नाय.

रचना: नाही. चौथरा मात्र बांधून झालाय.

शत्रुघ्न: ऱ्हाऊ दे. पोरं बसतील.

शकू: दिसायला कशी व्हती ती?

शत्रुघ्न: तोंड कुटं दिसलं? निस्ते हात.

शकू: बरं, पडा आता वाईच. सपनात आली तं पयलं नाव इचारा.