पूर्ण! एकदाचं पूर्ण!

अहो, हात लावू नका, पाटी लावलीय ना समोर! आणि दचकू नका हो. पुतळा बोलत नाहीये, पुतळ्याच्या आत बसलेला माणूस बोलतोय. हे केलंय मीच आणि आत अडकलोयही मीच. हसा, हसा... सकाळपासून सगळे तेच करतायत!

तुम्हाला सांगतो, सगळा दोष आमच्या कलावर्गातल्या बाईंचा. निवृत्त झालो, घरात नुसता पायात पायात येतो म्हणून बायकोनेच मला तिकडे पिटाळलं. वर निघताना म्हणाली, "हेही अर्धवटच सोडणार तुम्ही!" खोटं नाही ते. पेटी शिकायला घेतली, चार सुरांवर सोडली. कपाट बनवलं, त्याला आजतागायत दार नाही. स्वेटर विणला, त्याला एकच बाही! फार लागतं हो मनाला. म्हणून ठरवलं, जीव गेला तरी बेहत्तर, हे पूर्ण करायचं.

या प्रदर्शनाचा विषय काय, तर 'मुक्त प्रतिभा'! मुक्त, बरं का! माणसाहून उंच डोकं, सगळं तारेचं, आणि तारेत गुंफलेली जुन्या घड्याळांची चाकं, बटणं, फुटक्या चष्म्याच्या काचा, चिंध्या, कागदाचा लगदा... कलावंताच्या डोक्यात काय काय चाललेलं असतं, ते सगळं. आणि बाईंचा नियम एकच. मान तिरकी करून, डोळे मिटून म्हणायच्या, "तारेचं टोक बाहेर दिसलं की कला संपलीऽऽ! पीळ आतून मारा काका, आतून!" मारला की! आत स्टूल टाकलं, पक्कड घेतली आणि सुटलो... इथे भोक दिसलं, लाव चाक, तिथे दिसलं, लाव बटण, ना तहान ना भूक, आणि शेवटचा पीळ मारून ओरडलो, पूर्ण! एकदाचं पूर्ण! चला, आता जरा लांबून बघू कसं दिसतंय...

लांबून! कुठून लांबून?

तुम्ही म्हणाल, पक्कड होती ना हातात? होती! चार तारा तोडल्या की बाहेर. पण हात उचलेना हो! आयुष्यात एक गोष्ट पूर्ण झालेली, ती आपल्याच हाताने मोडायची? शेवटी बायकोला हाक मारली, पुतळ्याच्या डोळ्यातून पक्कड तिच्या हातात दिली, म्हटलं, माझ्याच्याने होत नाही, तूच तोड. तिने पुतळ्याला एक चक्कर मारली... आणि तिच्या डोळ्यांत पाणी! "पूर्ण केलंत हो तुम्ही! आणि हे मी तोडू?" असं म्हणून पक्कड टाकली पर्समध्ये, ओढली चेन.

बाईंना फोन केला, तर त्या गहिवरल्या. "स्वतःला एवढं झोकून देणारा विद्यार्थी नाही पाहिला, काका!" मग काय, चौघांनी उचललं, टेम्पोत घातलं. ड्रायव्हर ओरडतोय, "काका, डोकं सांभाळा!" म्हटलं, कुठलं?

ती बघा, दारापाशी बसलीय ना पर्स मांडीवर घेऊन, तीच. येईल त्याला सांगतेय, "पूर्ण केलंय यांनी!" मला नाकपुडीतून बिस्किटं देते. मघाशी परीक्षक आले. मागे हात बांधून फिरले, खोकले, म्हणाले, "डोकं उत्तम! आतला माणूस तेवढा काढलात तर..." मी आतून हात जोडले, म्हटलं, देवासारखे आलात! तेवढ्यात ही आडवी उभी राहिली, "एका तारेला हात लावून दाखवा!" परीक्षक इतके घाबरले की जागच्या जागी पहिला नंबर देऊन मोकळे झाले. ते मोकळे झाले!

चला, पुढे सरका, मागे गर्दी झालीय... काय सांगू तुम्हाला, कपाटाला दार नाही म्हणून जन्मभर बोलणी खाल्ली, आणि याला दार नाही, तर पहिला नंबर!