मुलींच्या वाट्याचे झाडू

त्या संडासाला अजून दार का नाही, हे विचारलंत ना? मग ऐका, आणि हसू नका.

मी दिल्लीत शिकून डहाणूला परत आले, म्हणून तलासरीकडच्या एका शाळेच्या व्यवस्थापन समितीवर मला घेतलं. पहिल्याच बैठकीत शेवंताताईंनी विषय काढला. त्यांची सातवीतली मुलगी मधल्या सुट्टीत घरी जाते ती परत येतच नाही, कारण शाळेतल्या मुलींच्या संडासाला दार नाही.

मी हेडमास्तरांना म्हटलं, "सर, दार बसवू या की. मुलींसाठी वेगळा निधी आला होता ना?"

"आला होता. सगळा खर्च केला, एक रुपया परत जाऊ दिला नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"कशावर?"

"झाडू, बादल्या, फिनेल."

"ते मुलींसाठी कसं काय?"

"मॅडम, शाळा झाडतं कोण? मुलीच ना!"

शेवंताताई कडाडल्या, "म्हणजे मी पोरीसाठी दार मागते, नि तुम्ही तिच्या हातात झाडू देता?"

"उद्यापासून मुलगेही झाडतील!" मी टेबलावर हात आपटला.

सर खरोखरच दचकले. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "असं नका करू, मॅडम. मुलगे झाडायला लागले, तर अर्धा खर्च त्यांच्या नावावर टाकावा लागेल. मुलींचा वाटा निम्म्यावर येईल. तुम्ही स्वतः बाईमाणूस, आणि मुलींवर असा अन्याय करता?"