बोर्डावरचा नंबर

नाही, पण मग दुसरा कुठला नंबर लिहायचा माणसानं, तुम्हीच सांगा ना! वर्गात टेलिफोनवरचं संभाषण शिकवायचंय, समोर बारा देशांचे बारा विद्यार्थी वह्या उघडून बसलेत, पुस्तकातला नमुन्याचा नंबर बघतो तर त्यावर कोणीतरी चहा सांडलेला... हातानं आपोआप जो लिहिला तो लिहिला. घरचा. लहानपणापासून पाठ असलेला एकच. आणि तोही देशाच्या कोडसकट, कारण मी शिकवतो ते नीट शिकवतो! उदाहरण होतं हो ते. नुसतं उदाहरण.

आता उन्हाळ्याचे दोन महिने घरापासून इतक्या लांब परक्या पोरांना इंग्रजी शिकवायला मी कशाला गेलो, ते विचारू नका. विचारताय? बरं. हिवाळ्यात बाबा गेले. आजार नाही, काही नाही, सकाळी पेपर वाचता वाचता. त्यानंतर दारात पेपर पडला की मी तो न उघडताच रद्दीत टाकायचो. मग जाहिरात दिसली, उन्हाळी वर्ग, राहण्याची सोय, आणि मी आईला म्हटलं, 'दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे,' आणि सटकलो. पळालोच म्हणा ना. आई एकटी, ताई तिच्या सासरी, आणि मी इथे बारा जणांना 'हाऊ आर यू' शिकवतोय. दर आठवड्याला ताईचा मेसेज, 'आई बरी आहे. तू फोन कर.' दर आठवड्याला माझं उत्तर, 'करतो.'

का करत नव्हतो, सांगू? आमच्याकडे फोन बाबा उचलायचे. फोनशेजारी स्टूल, स्टुलावर बाबा. दुसरी रिंग पुरी व्हायच्या आत, घसा खाकरून, 'बोला.' हॅलो नाही, कोण बोलतंय नाही. 'बोला.' मग मला, 'जेवलास का?' मग, 'बरं, ठेवतो.' झालं! आम्हा बापलेकांचं जन्मभराचं बोलणं ह्या तीन वाक्यांत आटोपलं. आता मी फोन लावणार आणि तो वाजत राहणार... तिसरी रिंग, चौथी, पाचवी... ते मला ऐकायचं नव्हतं. भित्रा म्हणा, मीही तेच म्हणतो.

तर नंबर. गृहपाठ काय दिला होता? कोणाला तरी फोन करा, इंग्रजीत ख्यालीखुशाली विचारा, नम्रपणे निरोप घ्या. आता ही पोरं, पोरं आपलं म्हणायचं, त्यात पन्नाशीचा एक मिशाळ मेकॅनिक आहे, ह्यांना इंग्रजीत फोन करायला जगात आहे कोण? बोर्डावर नंबर आहे. सरांनी दिलाय. कोडसकट.

सोमवारी गृहपाठ तपासतोय. पहिल्या बाकावर एक निळ्या चष्म्याची मुलगी बसते, इतकी हुशार की मला तिची धास्ती वाटते. ती उभी राहिली आणि म्हणाली, 'सर, मी तुमच्या घरी फोन केला. तुमचे वडील फार चांगले आहेत.'

मी हसलो. म्हटलं, 'आई म्हणायचंय तुला. मदर.'

'नो सर. फादर.' आणि भिंतीकडे बोट. पहिल्या दिवशी नात्यांचे शब्द शिकवायला मी मोठ्या कागदावर माझं कुटुंब काढलं होतं. आई, ताई, मी, आणि हातात पेपर घेतलेले बाबा. त्यांना वगळायला हातच धजेना. 'माय फादर इज ॲट होम,' अख्ख्या वर्गानं तीनदा म्हटलं होतं. अहो, तेही उदाहरणच होतं!

मग मेकॅनिक उठला. 'मीपण केला, सर. दोनदा.' त्यानं कानाला मूठ लावली, घसा खाकरला, अगदी तसाच, आधी बारीक मग खोल, आणि म्हणाला, 'बोला.'

मार्कर पडला माझ्या हातातून. भर दुपार, डोक्यावर पंखा, खिडकीत ऊन, आणि माझ्या अंगावर काटा. मग काय, सगळेच सुरू! 'सर, जेवलास का म्हणजे काय?' 'सर, ठेवतो म्हणजे गुडबाय ना?' बाराच्या बारा! मधल्या सुट्टीत व्हरांड्यात येऊन बघतो तर एकमेकांना विचारतायत, 'जेवलास का?' 'जेवलास का?' मुलीसुद्धा मुलींना 'जेवलास का'! बाबांचे शब्द, बारा तोंडांतून, माझ्या मागे मागे. मी बाथरूममध्ये जाऊन लपलो, तर शेजारच्या दारामागून, 'बोला.' मेकॅनिक सराव करत होता.

आठवडाभर हेच. 'सर, आज वडिलांना खोकला होता.' 'सर, वडील म्हणाले, फार उकडतंय.' मला राग आला असेल वाटतं तुम्हाला? खरं सांगतो, हेवा वाटला. ही परकी माणसं माझ्या बापाशी बोलतायत, आणि मी बसून त्यांची वाक्यं दुरुस्त करतोय!

शुक्रवारी संध्याकाळी खोलीत कॉटच्या कडेला बसलो आणि नंबर लावला. जो नंबर झोपेतही लिहीन तो दोनदा चुकला. मग लागला. पहिली रिंग. दुसरी पुरी व्हायच्या आत... कोणीतरी घसा खाकरला.

'बोला.'

आणि मला बोलता येईना. मी, संभाषणाचा शिक्षक! 'आधी आपलं नाव सांगावं,' हे मीच बोर्डावर लिहिलेलं. नुसता श्वास जातोय फोनमधून.

पलीकडून तोच जड आवाज, इंग्रजीत, सावकाश, 'डोन्ट बी अफ्रेड. स्लोली. फर्स्ट नेम.'

तुम्हाला सांगतो, बाबांनी मला उभ्या जन्मात 'घाबरू नकोस' म्हटलं नव्हतं.

'मी आहे,' मी म्हटलं. कोणाला म्हटलं, माझं मलाच माहीत नाही.

मग तो जड आवाज गळून पडला आणि आतून आई निघाली. 'अगंबाई, तू होय! मला वाटलं विद्यार्थी.'

'आई, हा काय आवाज?'

'मग काय करू? घरात बाई एकटी आहे हे कशाला कळायला हवं कोणाला? म्हणून त्यांच्यासारखं बोलते. स्टुलावर बसलं की येतं आपोआप.' मग जरा थांबून, 'घरात ऐकायलाही बरं वाटतं रे.'

मी आपला हं हं करतोय.

'गोड आहेत तुझी पोरं,' ती म्हणाली. 'त्यांना फोन करायला दोन दिवस लागले. तुला सव्वा महिना.' लगेच पुढे, 'चल, आवर आता, एका मुलीच्या फोनची वेळ झाली.'

म्हणजे बघा! माझीच आई, आणि बारा जणांच्या मागे मी तेरावा!

'बरं, ठेवतो,' ती म्हणाली. सवयीनं, त्यांच्याच आवाजात.

आणि मी म्हटलं, 'हो, बाबा.' सवयीनंच हो.

तिनं ठेवला नाही. मीही नाही. पलीकडे पुन्हा घसा खाकरल्याचा आवाज. 'जेवलास का?'

नव्हतो जेवलो. तसं सांगितलं. मग हिवाळ्यापासूनचं सगळंच सांगत बसलो.

सोमवारी निळ्या चष्म्याची मुलगी फुरंगटून बसलेली. 'सर, शुक्रवारी तुमच्या वडिलांचा फोन एक तास बिझी होता.'

मी म्हटलं, 'हो... माझ्याशी बोलत होते.'