मोहफुलांचा तक्ता

मला हुशार म्हणण्याआधी हे ऐका. बंगळुरूहून शिकून गावी परतले, तेव्हा अहेरीजवळच्या आमच्या गावातल्या बायांनी मोहफुलं एकत्र विकावीत, या ध्यासानं मी पेटले होते. बैठकीला मात्र कोणी फिरकत नव्हतं. मग मी संगणकावर तक्ता केला. स्प्रेडशीटमधलं 'रेप्ट' फंक्शन एकच चिन्ह हवं तितक्या वेळा लिहून देतं. जिनं जितक्या टोपल्या वेचल्या, तिच्या नावापुढे तितकी फुलं. वाचता येत नसलं तरी कळेल! अहेरीला छापून घेतला आणि धड न बघताच समाजमंदिराच्या भिंतीवर चिकटवला.

संध्याकाळी बैठकीला ही गर्दी! माझा ऊर भरून आला.

सगुणाबाई तावातावानं पुढं आल्या. "ताई, शेजारणीले आठ पिपे अन् मले तीनच काऊन?"

"कसले पिपे?"

त्यांनी भिंतीकडे बोट केलं. छापणाऱ्याच्या संगणकात फुलाचं चिन्हच नव्हतं, म्हणून माझ्या प्रत्येक फुलाचा रिकामा चौकोन झाला होता. गावाला त्यात तेलाचे पत्र्याचे पिपे दिसले होते, आणि ते वाटणार म्हणून सगळे आले होते.

"अहो बाई, ती मोहाची फुलं आहेत!"

"फुलं तं घरी सडून राह्यली न, ठेवाले काई नाई म्हणून," त्या म्हणाल्या. "तू पिप्याचं सांग."