सतरा नंबरचा ढोल

जबाब देणार : नोंदणी कारकून, राष्ट्रीय संग्रहालय. वय ५७ वर्षे. धंदा नोकरी. राहणार संग्रहालयामागची कर्मचारी वसाहत, खोली ४.

मी कोणी न बोलावता ठाण्यात हजर राहून सांगतो की, काल सकाळी अकराच्या सुमारास पहिल्या दालनात एका बाईंनी दोरी ओलांडून सतरा नंबरचा ढोल हाताने वाजवला. जुने कातडे फाटले. मी तीस वर्षे त्या ढोलाशेजारून ये-जा करतो, आवाज काल पहिल्यांदा ऐकला. पहारेकऱ्याने बाईंना धरले, संचालक साहेब आले. बाई म्हणाल्या, "आमच्या गावचा आहे हा. गाव जाळून नेलाय. आजी नुसती सांगायची, मला एकदा ऐकायचा होता."

साहेबांनी मला नोंदवही आणायला लावली. मी आणली आणि 'भेट' असे मोठ्याने वाचले. नासधूस व खोटा हक्क अशी तक्रार होऊन बाईंना इकडे पाठवले. मी नोंदवही परत कपाटात ठेवली.

खरे असे की, संग्रहालयाची सुरुवात परक्या राजवटीत एका गोऱ्या अधिकाऱ्याच्या व्हरांड्यात झाली. मोहिमांवरून आणलेल्या एकेचाळीस वस्तू त्याने तिथे मांडल्या होत्या. त्याच्या वहीत सतरा नंबरपुढे 'गाव जाळल्यावर जप्त' असे त्यानेच लिहिले होते.

त्या वहीला वाळवी लागली म्हणून तीस वर्षांपूर्वी ती नव्या छापील वहीत उतरवायचे काम माझ्याकडे आले. छापील वहीत रकाने दोनच, भेट आणि खरेदी. मी तेव्हाच्या साहेबांना विचारले, "जप्त कुठे लिहू?" ते म्हणाले, "खरेदी नाही ना? मग भेट. कोण बघतंय?" मी एकेचाळीसही वस्तू भेटीत घातल्या. अक्षराबद्दल शाबासकी मिळाली, तीही घेतली. जुनी वही मागच्या अंगणात मीच जाळली. याची मला लाज वाटते.

काल रात्री बायकोला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला काय सांगता? मी का ठाणेदार आहे?"

आज बाई ठाण्याच्या बाकावर होत्या. मी माफी मागितली, आणि पुरावा उरला नाही हेही सांगितले. त्या म्हणाल्या, "मग तुम्हीच लिहून द्या. तेव्हाही तुम्हीच लिहिलं होतं."

म्हणून हा जबाब हवालदारांच्या परवानगीने माझ्या हाताने लिहिला आहे. त्यांनी तो बाईंसमोर मोठ्याने वाचला. मजकूर बरोबर आहे.