मिठागरात कोण पडलं

उरणच्या एस.टी. स्टँडवर शेजारच्या बाकावरचं आजी-नातीचं बोलणं कानी पडलं आणि प्रणालीने हळूच हेडफोन काढले.

"आजी, माझ्या हळदीत ते मिठागराचं गाणं लागलं की तू नाचायचं हां."

"त्या गान्यावर मी न्हाय नाचायची."

"का गं? अख्खा गाव नाचतो."

"त्यातली चिखलात पडलेली पोरगी मीच हाय."

"काय सांगतेस? मग तिला उचलणारा?"

"तुजा आजा. पन पडला तो व्हता. मी उचलला."

"मग गाण्यात उलटं कसं?"

"गानं त्यानंच रचलं ना."

"आणि तू गप्प बसलीस?"

"गप कशाला बसू? लगीन केलं त्याच्याशी. तवापासून रोज आयकवते."

"मग हळदीत खरं गाणं तूच गा. माइक देते हातात."

आजीने पदर सावरला.

"आज्याला म्होरल्या खुर्चीत बसव."