मायकेन ओ देत नाही

तिंद्रा : ओरडून ओरडून घसा बसला माझा, बाबा! ती ओच देत नाही!

बाबा : पुन्हा मार हाक. मायकेऽऽन!

आजी : दोघं एकदम बोंबलू नका रे. तिने ओ दिली तरी ऐकू कशी येईल?

तिंद्रा : काहीच नाही. नुसता समुद्र. आजी, हे धुकं मघाशी नव्हतं गं! मी खांब म्हणून उभ्या केलेल्या त्या वल्ह्याला गवत बांधत होते, मायकेन शेजारीच होती. वर बघितलं तर समोरची मेंढीसुद्धा दिसेना!

बाबा : किती वेळ झाला त्याला?

तिंद्रा : अर्धा तास. जास्तच असेल.

बाबा : सहा वर्षांची बहीण तुझी, आणि अर्ध्या तासाने सांगतेस?

आजी : तिच्यावर खेकसून काय होणार, तोर्केल? सूनबाई लिव घराच्या दारात उभी आहे ना?

बाबा : हो. पोर परत आली तर पातेलं वाजवणार आहे. वाजलेलं नाही.

आजी : मी म्हटलं होतं, मिडसमरचा सण आपल्या देशात, आपल्या घरी करावा. इथे फेरो बेटांवर झाड नाही, नाचायच्या खांबाला लाकूड नाही. वल्ह्याभोवती कसलं नाचायचं! आणि एरवी ती पोर झोपेतसुद्धा बडबडते. हाकेला ओ देत नाही म्हणजे...

बाबा : आई, पुढचं बोलू नकोस.

तिंद्रा : बाबा, एक सांगू? आधी रागावणार नाहीस म्हण.

बाबा : बोल लवकर!

तिंद्रा : मी तिला सात फुलांचं सांगितलं.

आजी : मग काय बिघडलं? सात जातींची फुलं खुडून उशीखाली ठेवायची, स्वप्नात नवरा दिसतो. मीही ठेवलीत.

तिंद्रा : तिला कसला नवरा! तिला स्वप्नात घोडा बघायचाय. पण आजी, बोलायचं नसतं ना! खुडायला लागल्यापासून झोपेपर्यंत एक शब्दही नाही. आणि मी वर म्हटलं, बोललीस तर तुझे पडलेले दात कधीच येणार नाहीत. सकाळपासून डोकं खात होती! मला वाटलं, तासभर तरी शांतता मिळेल.

बाबा : म्हणजे तिला आपल्या हाका ऐकू येत असतील. आणि ती मुद्दाम गप्प आहे.

आजी : हट्टीपणात बापावर गेलीय.

बाबा : थांबा. इथे सात जातींची फुलं आहेत कुठे? मेंढ्यांनी सगळं मुळापर्यंत खाल्लंय.

आजी : मला दिसली होती पिवळी. भरपूर.

बाबा : कुठे?

आजी : त्या घळीत. कड्याच्या तोंडाशी. मेंढीला जिथे उतरता येत नाही, तिथेच राहिलीत.

तिंद्रा : आजी, नको ना गं!

बाबा : हाका बंद. एकदम बंद!

तिंद्रा : का?

बाबा : आपला आवाज ऐकून ती धावत निघाली तर? तिला कडा दिसणार आहे का या धुक्यात?

तिंद्रा : आणि मी इतका वेळ तिला ‘ये, ये’ म्हणून...

आजी : रडायचं ते नंतर. तू सांगितलेलं ती मानते. मग आता नीट काहीतरी सांग तिला.

तिंद्रा : मायकेन! ऐक! येऊ नकोस! आहेस तिथेच बूड टेक! बोलू नकोस, पण दगडावर दगड आपट! त्याने नियम मोडत नाही, शप्पथ!

आजी : आता कान देऊन ऐक.

तिंद्रा : काहीच नाही, आजी.

आजी : श्श. ते ऐक. टक्... टक्.

बाबा : डावीकडे. खाली आहे. मी बसून सरकत उतरतो. तिंद्रा, तू बोलत राहा. तू थांबलीस तर ती उठेल.

तिंद्रा : काय बोलू?

बाबा : तुला हे विचारावं लागतंय?

तिंद्रा : मायकेन! बाबा येतोय! बसूनच राहा हं! आजीने शेपू बाबाच्या बॅगेत कोंबून आणला होता ना, आता त्याच्या सगळ्या शर्टांना शेपूचा वास येतोय! आईने नवे बटाटे उकडलेत! केकवरच्या स्ट्रॉबेऱ्या मी मोजल्यात, माझ्यासुद्धा तुलाच! आणि... आजी, दगड थांबला.

आजी : बोलत राहा.

तिंद्रा : थांबला गं!

आजी : बोल म्हणते ना!

तिंद्रा : मायकेन, दातांचं खोटं होतं! मी बनवलं होतं! दात येतात, सगळ्यांचे येतात! तू बोल. काहीही बोल. मायकेन, बोल ना गं!

बाबा : (धुक्यातून) धरली! धरलीय मी तिला!

आजी : सावकाश ये रे, तोर्केल. दगड ओले आहेत.

तिंद्रा : आई! सापडली! अगं गाढवे, किती थरथरतेयस! दगड का थांबवलास?

बाबा : मी हात पुढे केला. तिच्या एका हातात दगड, एका हातात फुलं. माझा हात धरायला दगड टाकला तिने.

तिंद्रा : आता बोल की! बघ, मान हलवते! अजून नाही बोलत! हे काय, सहा? सहाच मिळाली?

आजी : पुरे झाली. चला घरी. गार पडलीय पोर.

तिंद्रा : बाबा, तिला माझ्याकडे का देतोयस? इथे मेंढ्यांच्या कुंपणाच्या दगडी भिंतीत, फटीत काय शोधतोस? बाबा? ऐकू येत नाही का? आजी, हा का बोलत नाही?

आजी : सातवं फूल खुडतोय तो. तूही नको बोलूस.